पाडलेल्या धरणाच्या नदीवर: सिअ‍ॅटल ते एल्व्हा

आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे, अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ, आले की पहिले काही दिवस मजेत जातात. मग बाबा खिडकीशी बसून "तुमच्याकडे बघण्यासारखं अजून काय आहे?" असं विचारायला लागतात. धबधबे झाले, ट्यूलिपची शेतं झाली, विमानांचा कारखाना दोनदा झाला. यंदा ते सप्टेंबरात आले होते, म्हणजे सॅमन मासे समुद्रातून नद्यांत चढायचे दिवस. त्यातून बाबांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली. मी म्हटलं, "चला, तुम्हाला पाडलेलं धरण दाखवते."

"पाडलेलं की फुटलेलं?"

"पाडलेलं. सरकारनंच. माशांसाठी."

बाबांनी पेपर खाली ठेवला. सहल तिथेच ठरली.

दिवस पहिला: इसाक्वा आणि बॅलर्ड

एल्व्हा नदी आमच्या घरापासून लांब आहे, वाटेत समुद्राची खाडी आडवी येते. म्हणून आधी घराजवळचे मासे बघायचे ठरलं. इसाक्वा गावाच्या मधोमध, दुकानं आणि बँकांच्या शेजारी, सॅमनचं मत्स्यबीज केंद्र आहे. 1936 साली मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं. लाकूडतोड आणि कोळशाच्या खाणींनी इथल्या ओढ्यातले मूळचे मासे जवळजवळ संपले होते. मग दुसऱ्या नदीतल्या माशांची अंडी आणून इथे पिल्लं तयार केली आणि ओढ्यात सोडली. आज जे येतात ते त्यांचे वंशज.

ओढ्यावरच्या पुलावरून खाली बघितलं तर आधी काहीच दिसत नाही. नुसते दगड. नवऱ्यानं आपला पोलराइज्ड गॉगल बाबांच्या डोळ्यांवर चढवला आणि ते एकदम "अरे बाप रे" म्हणाले. जे दगड वाटत होते ते मासे होते. हात-सव्वा हात लांबीचे चिनूक जातीचे सॅमन, काळपट हिरवे, पाठीवर पांढऱ्या बुरशीचे डाग, शेपट्या झिजून चिंध्या झालेल्या. नदीत शिरल्यावर सॅमन खाणं सोडतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर वर चढतो, अंडी घालतो आणि मरतो. (टीप: असा गॉगल घरात असेल तर आठवणीनं घ्या. पाण्यावरची चकाकी जाते आणि मासे दिसतात. दुर्बिणीपेक्षा जास्त उपयोग.)

तिथल्या एक स्वयंसेविका आजी, पांढरे केस, अंगात निळं जाकीट, आईला काचेतून अंडी दाखवत होत्या. माशाचं पोट चिरून काढलेली नारिंगी अंडी, वाटाण्याएवढी. आईचं माहेर गुहागरकडचं. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "एवढी गाबोळी! आणि कोणी तळत नाही?" मी भाषांतर करायचं टाळलं. आजींनी मग दाखवलं की इथून सोडलेल्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो. परत आलेला मासा केंद्रातला की नदीतच जन्मलेला हे त्यावरून कळतं. गळाला लागलेला ठेवायचा की सोडायचा हेही बऱ्याच ठिकाणी त्यावरूनच ठरतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी इथे 'सॅमन डेज' नावाची जत्रा असते. मासे बघायचे असतील तर जत्रेत जाऊ नका, माणसंच दिसतील.

दुपारी बॅलर्डच्या लॉक्सवर गेलो. समुद्र आणि लेक वॉशिंग्टन यांच्यामध्ये बोटी वरखाली करणारे हे पाण्याचे दरवाजे 1917 चे. बाबा तिथेच रमले. दरवाजा उघडतो, पाणी भरतं, बोट वर येते, हे त्यांनी पाच-सहा बोटी होईपर्यंत बघितलं. शेजारी माशांसाठी 21 पायऱ्यांचा जिना आहे आणि जमिनीखाली काचेच्या खिडक्या. त्या हिरव्या उजेडात कोहो जातीचे चंदेरी मासे प्रवाहात तोंड करून उभे होते. एक पायरी चढायची, दम खायचा, मग पुढची.

हा जिना दिसतो छान, पण हा कालवा काढताना लेक वॉशिंग्टनची पातळी अडीच मीटरहून जास्त खाली गेली आणि तळ्यातून निघणारी ब्लॅक रिव्हर नावाची नदीच आटून गेली. मासे त्या वाटेनं चढायचे. 1980 च्या दशकात इथे समुद्रसिंह जिन्याच्या तोंडाशी येऊन बसायला लागले. मासे आयतेच ताटात. लोकांनी एकाला हर्शेल नाव दिलं. फटाके वाजवून झाले, काही समुद्रसिंहांना पकडून कॅलिफोर्नियाला सोडून झालं, ते पोहत परत आले. 1996 साली तर फायबरची नकली किलर व्हेल पाण्यात सोडली. तिचाही काही उपयोग झाला नाही. मुलाला ही गोष्ट इतकी आवडली की त्यानं ती सहलभर भेटेल त्याला सांगितली.

दिवस दुसरा: खाडीपलीकडे

सकाळची फेरीबोट, मग हूड कॅनॉलवरचा तरंगता पूल. पूल खांबांवर नाही, काँक्रीटच्या पोकळ तराफ्यांवर आहे. 1979 च्या वादळात त्याचा अर्धा भाग बुडाला होता, हे सांगितल्यावर आईनं पूल संपेपर्यंत डोळे मिटून घेतले. समुद्राकडे निघालेली स्टीलहेड माशांची पिल्लं या तराफ्यांपाशी अडखळतात, वाट शोधत घोटाळतात आणि सीलच्या तोंडी जातात. बाबा म्हणाले, "पुलाच्या डिझाइनमध्ये हे कुठे लिहिलेलं असणार!"

दुपारी पोर्ट अँजलिस. घर भाड्यानं घेतलं होतं, कारण आईला स्वयंपाकघर लागतं. (खरं तर दुसरंच घर ठरलं होतं, ते आदल्या आठवड्यात रद्द झालं. पण मिळालं ते जास्त बरं निघालं.) सामान टाकून थेट नदीच्या मुखाशी गेलो. प्लेस रोडच्या टोकाला गाडी लावून बांधाच्या कडेनं पाच-दहा मिनिटं चालायचं. वारा असा की टोप्या हातात धरून.

समोर समुद्र, पलीकडे धूसर कॅनडा आणि पायाखाली वाळू. बरीच वाळू. नदीवर दोन धरणं होती तेव्हा इथे मोठाले गोटेच उरले होते, कारण नदी समुद्राला वाळू द्यायची तीच अडली होती. किनारा झिजत गेला, शिंपले गेले, पोर्ट अँजलिस बंदराचं रक्षण करणारा वाळूचा दांडा पोखरला जाऊ लागला. धरणं पाडल्यावर नदीनं आपली थकबाकी आणून टाकली आणि मुखाशी शंभर एकरांहून जास्त नवी जमीन तयार झाली. मधेमधे उथळ खाजणं तयार झाली आहेत, सॅमनची पिल्लं समुद्रात जाण्याआधी तिथे थांबून वाढतात.

तिथे एक म्हातारे गृहस्थ फडक्यानं दुर्बीण पुसत उभे होते. जन्म इथलाच. म्हणाले, मी लहान असताना इथे अनवाणी चालता यायचं नाही, आता नातवंडं वाळूचे किल्ले करतात. बाबांनी इंग्रजीत विचारलं, "माशांचं काय?" ते हसले आणि म्हणाले, "मासे येतायत. पण मी अजून गळ टाकलेला नाही." 2011 मध्ये या नदीत मासेमारीला बंदी आली. 2023 च्या ऑक्टोबरात लोअर एल्व्हा क्लालम या आदिवासी जमातीनं पारंपरिक विधीसाठी आणि घरच्या खाण्यापुरते कोहो पकडले. बंदी लागल्यापासूनची ती पहिली मासेमारी.

संध्याकाळी मासळीच्या दुकानातून कोहोचे तुकडे आणले, अर्थात दुसरीकडचे. आईनं हळद, तिखट, मीठ, आगळ लावून रव्यात घोळवून तळले. आगळाची बाटली साताऱ्याहून आलेली. सॅमनला स्वतःचंच तेल सुटतं, तेव्हा तव्यावर अगदी थेंबभर घाला आणि आच मंद ठेवा, नाहीतर आतून कोरडा पडतो. मुंबईत रावसालाच 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात, दोघांचं काही नातं नसताना. आईचा निकाल: "चांगला आहे. पण रावस तो रावस."

जेवताना तिनं चढणीच्या माशांचं काढलं. कोकणात पहिला पाऊस पडला की ओढ्यातले मासे उलटे शेतात चढतात आणि रात्री टॉर्च घेऊन गाव ते धरायला निघतं. पोटात अंडी असलेले मासे. "आम्ही ढिगानं धरायचो. आता भाऊ म्हणतो, चढणच येत नाही पूर्वीसारखी." त्यावर कोणी काही बोललं नाही. बाबांनी अजून एक तुकडा घेतला.

दिवस तिसरा: धरणाच्या जागी

ज्यासाठी आलो तो हा दिवस. सकाळी रिमझिम होती. 112 नंबरच्या रस्त्यावरून लोअर डॅम रोडला वळलं की एक छोटी पायवाट झाडीतून कड्याशी जाते. खाली अरुंद घळ, तिच्यातून हिरवी-पांढरी नदी. इथे एल्व्हा धरण होतं. 33 मीटर उंच, समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटर.

पाटीवरचा इतिहास बाबांनी अक्षर न् अक्षर वाचला. काम 1910 ला सुरू झालं. भिंत दोन्ही बाजूंच्या कातळात घट्ट बसवली, पण खाली पाया कातळापर्यंत नेलाच नाही, तो नदीच्या गोट्यांवरच. 1912 च्या ऑक्टोबरात पाणी भरलं आणि भिंतीच्या खालूनच फुटलं. मग ते भगदाड दगड, माती आणि फर झाडाच्या फांद्यांनी बुजवलं. "फांद्यांनी!" बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. "आमच्याकडे असं केलं असतं तर निलंबन." तरी 1913 ला वीज सुरू झाली आणि गाव, लाकडाचे कारखाने तिच्यावर उभे राहिले. मला आठवलं की त्याच दशकात आपल्याकडे लोणावळ्याच्या परिसरात टाटांची धरणं होत होती, मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला. त्यातल्या वलवण धरणाच्या आवारात टाटा पॉवर गेली कित्येक वर्षं महसीरची पिल्लं तयार करतं. बाबांनी ते केंद्र पाहिलेलं आहे. "पिल्लं सोडणं सोपं," ते म्हणाले, "नदी कुठून आणायची?"

इथेही तेच झालं होतं. वॉशिंग्टन राज्यात 1890 पासून कायदा होता की धरणात माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे. इथे वाट ठेवली नाही. त्याऐवजी मत्स्यबीज केंद्र चालवायचं अशी तडजोड झाली आणि तेही 1922 ला बंद पडलं. 1927 मध्ये वरच्या अंगाला ग्लाइन्स कॅन्यन हे 64 मीटरचं दुसरं धरण झालं. एकेकाळी या नदीत वर्षाला चार लाखांच्या आसपास सॅमन चढत असावेत असा अंदाज आहे, ते चार हजारांच्या आत आले. चढायला उरले शेवटचे आठ किलोमीटर. धरणापाशी येऊन भिंतीवर डोकं आपटणारे मासे क्लालम लोकांच्या तीन-चार पिढ्यांनी बघितले.

वरच्या धरणाच्या जागी जायला मॅडिसन फॉल्सपाशी गाडी ठेवावी लागते. पुढचा रस्ता मोकळ्या झालेल्या नदीनंच पुरात वाहून नेला. दोन कॅम्पग्राउंडही तिच्यात गेली. तेव्हा पुढे पायी किंवा सायकलनं. जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा, पाणी आणि खाणं सोबत घ्या, वाटेत काही मिळत नाही. आई आणि मुलगा धबधब्यापाशी थांबले. बाबा "मी येणार" म्हणाले आणि आले.

वाटेत नदीच्या एका वळणावर दोन तरुण मुली भेटल्या, छातीपर्यंत रबरी पोशाख, पाठीवर पिशव्या. मेलेले मासे मोजत होत्या. एकीनं मेलेला चिनूक कल्ल्यात बोट घालून उचलला, सुरीनं डोकं चिरलं आणि चिमट्यानं तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं पांढरं काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. माशाच्या कानातलं हाड. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्तुळं असतात. नंतर निघालेल्या मत्स्यबीज केंद्रात अंडी असताना पाण्याचं तापमान ठरवून कमीजास्त करतात, त्याची रेघोट्यांची खूण त्या हाडात जन्मभर राहते. वास विलक्षण होता. बाबा नाकाला रुमाल लावून अगदी जवळ वाकून बघत होते.

मी विचारलं, मग किती मासे जंगली निघतात? तिनं काही झाकलं नाही. चिनूक अजून बहुतेक केंद्रातलेच. धरणं पाडताना नदी गाळानं इतकी गढूळ होणार होती की असलेला वाणही मरेल अशी भीती होती, म्हणून केंद्र चालू ठेवलं. त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या, कारण केंद्रातले मासे मिसळले की जंगली वाण कमकुवत होतो असं एका गटाचं म्हणणं आहे. कोहो मासे क्लालम जमातीनं स्वतः नेऊन वरच्या उपनद्यांत सोडले आणि ते तिथे रुळले. खरं आश्चर्य उन्हाळी स्टीलहेडचं. ते जवळजवळ संपल्यात जमा होते. पण धरणांच्या वर अडकलेले त्यांचेच भाऊबंद, समुद्र विसरून शंभर वर्षं नदीत राहिलेले रेनबो ट्राउट, वाट मोकळी होताच त्यांची पिल्लं समुद्राला गेली आणि स्टीलहेड होऊन परतली. कोणी एक अंडंही टाकलं नव्हतं.

"गाळाचं काय केलंत?" बाबांचा प्रश्न सकाळपासून तयार होता.

तिनं नदीकडे हात केला. "हिनंच केलं."

दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे 2 कोटी घनमीटर गाळ होता. भिंत एकदम पाडली असती तर खालच्या गावात हाहाकार झाला असता. म्हणून 2011 च्या सप्टेंबरात काम सुरू करून थोडी थोडी भिंत उतरवायची, जलाशयाचं पाणी खाली आलं की नदीला गाळ कापू द्यायचा, मासे चढायचे महिने आले की काम थांबवायचं, असं चाललं. गाळानं पाणीपुरवठ्याची यंत्रणा तुंबली तेव्हा वरच्या धरणाचं काम सुमारे वर्षभर बंद ठेवावं लागलं. शेवटचा सुरुंग 2014 च्या ऑगस्टात. तोवर एवढं उंच धरण कोणी पाडलेलं नव्हतं. पहिल्या पाच वर्षांत निम्म्याहून जास्त गाळ नदीनं खाली नेला आणि त्या गाळातल्याच वाळू-गोट्यांनी माशांना अंडी घालायला अंथरूण मिळालं. मादी आडवी होऊन शेपटीनं गोटे उडवते, खड्डा करते, अंडी घालून पुन्हा गोटे ओढते. असा खड्डा नदीच्या तळाशी फिकट, नुकत्या धुतल्यासारखा चट्टा दिसतो. (उथळ पाण्यात उतरायचा मोह झाला तर आधी असे चट्टे बघा. तुमच्या एका पावलाखाली शेकडो अंडी असू शकतात. नाही उतरलात तर उत्तमच.)

नदीत जागोजागी ओंडक्यांचे ढीग होते. बाबांना वाटलं पुरात आलेत. काही आलेलेच, पण खालच्या भागातले बरेचसे जमातीच्या लोकांनी मुद्दाम रचलेले. लाकडाच्या आडोशाला पाणी मंदावतं, डोह पडतात, पाणी गार राहतं, पिल्लांना लपायला जागा मिळते. गंमत म्हणजे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या मत्स्यखात्यांनीच असे ओंडके 'अडथळा' म्हणून नद्यांतून काढून टाकले होते. "आम्हीपण नदीपात्र साफ करायचो," बाबा म्हणाले. "मानधनावर."

शेवटी ग्लाइन्स कॅन्यन. सांडव्याचा उरलेला भाग तसाच ठेवलाय, त्याच्या काँक्रीटवर उभं राहून खाली बघायचं. दोन्ही बाजूंना भिंतीचे कापलेले काठ आणि मधली घळ रिकामी. बाबांनी कठड्यावरून हात फिरवला, काँक्रीट चांगलं होतं म्हणाले. वरच्या अंगाला जिथे जलाशय होता तिथे आता विलो, आल्डर, कॉटनवूडची कोवळी झाडी आहे. इथल्या नॅशनल पार्कच्या लोकांनी इथलंच बी गोळा करून लाखो रोपं लावली. ल्युपिनचा निळा फुलोरा मात्र उन्हाळ्यात येतो, आम्हाला फक्त वाळक्या शेंगा दिसल्या. त्या झाडीत मधूनच देवदारांचे प्रचंड बुंधे, धरणाआधी तोडलेले, ऐंशीहून जास्त वर्षं पाण्याखाली राहून तसेच. लाकूडतोड्यांनी उभं राहायला फळी खोचायची खाच अजून बुंध्यात दिसते.

खालच्या जलाशयातून असंच आणखी काही वर आलं. क्लालम लोकांच्या कथेत देवानं माणसं घडवली तो एक खडक आहे, टोपलीसारख्या खोलगट खळ्यांचा. धरण झाल्यावर तो बुडाला आणि नंतरच्या पिढ्यांना ती नुसती आज्ज्यांची गोष्ट वाटायला लागली. 2012 मध्ये पाणी उतरलं आणि खडक सापडला.

परतताना बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन्ही धरणं मिळून वीज किती?" तीस मेगावॅटच्या आत. "कोयना 1,960. तेव्हा उगाच सगळीकडे पाडा म्हणू नये कोणी. पण हे पाडलं ते बरोबर." 1992 ला कायदा झाला आणि 2011 ला पहिला घाव पडला, मधली वर्षं पैसे आणि राजकारणात गेली. सगळा खर्च सुमारे 32 कोटी 50 लाख डॉलर. धरण बांधण्यापेक्षा पाडायला जास्त वेळ लागतो हे त्यांना फारसं नवल वाटलं नाही, सरकारी काम म्हणाले.

दिवस चौथा: सोल डक आणि परत

लख्ख ऊन पडलं. लेक क्रेसेंटच्या काठानं रस्ता इतका सुंदर आहे की थांबत थांबत जायला तास लागतो. सोल डक नदीवर 'सॅमन कॅस्केड्स' नावाची जागा गाडीतळापासून दोन मिनिटांवर आहे. खडकांच्या उतरंडीवरून पाणी फेसाळत येतं आणि कोहो त्यावर उड्या मारतात. या नदीवर असं धरण कधीच नव्हतं. सकाळी लवकर जा, आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला असेल तर नक्की जा, पाणी वाढलं की मासे हलतात.

पहिला मासा उडाला तेव्हा आई ओरडली. लालसर, आडवा, हवेत वळवळणारा, थाडकन खडकावर आपटून परत डोहात. पुन्हा. पुन्हा. मुलगा धावतं समालोचन करत होता. शेजारचं एक कोरियन कुटुंब, आम्ही आणि दोन सायकलवाले, सगळे मिळून एकेका माशासाठी टाळ्या वाजवत होतो. तासाभरात चार वर गेले असतील. आईनं दशम्या आणि लसणीची चटणी काढली, कोरियन आजींना दिली, त्यांनी आम्हाला भाताच्या गुंडाळ्या दिल्या.

परतीच्या वाटेवर 101 वरचा एल्व्हा नदीचा नवा पूल लागतो, 2024 ला सुरू झालेला. धरणं गेल्यावर नदीचं पात्र हलायला लागलं आणि 1926 च्या जुन्या पुलाचा पाया उघडा पडला, म्हणून हा बांधावा लागला. हाही हिशेबात धरायचा खर्च.

फेरीच्या रांगेत गाडी बंद करून बसलो तेव्हा नवरा आणि बाबांची जुंपली. नवऱ्याचं म्हणणं, आता स्नेक नदीवरची चार धरणं पाडायला हवीत, क्लामथ नदीवरची चार 2024 पर्यंत पाडून झाली आणि काही आठवड्यांत मासे वर पोचले. बाबा म्हणाले, स्नेकवर वीज आहे, गहू वाहणाऱ्या मालबोटी आहेत, त्यांची सोय आधी सांग. मी मध्ये पडून टायरचं सांगितलं. सिअ‍ॅटलच्या ओढ्यांत कोहो अंडी घालायच्या आधीच का मरतात याचं कोडं शास्त्रज्ञांना 2020 च्या शेवटी सुटलं. टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात घालतात त्या रसायनाची ओझोनशी क्रिया होते, बनलेलं विष पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात जातं आणि कोहो काही तासांत मरतो. शिवाय रस्त्यांखालच्या मोऱ्या. मासे चढू शकत नाहीत अशा शेकडो मोऱ्या राज्यानं बदलाव्यात हा आदिवासी जमातींच्या बाजूचा निकाल 2018 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला.

"मोऱ्या!" बाबा खुलले. "हे आधी का नाही सांगितलंस? त्या कुठे बघायला मिळतात?"

आमच्या घराच्या वाटेवरच एक बदलण्याचं काम चालू आहे, तिथे पुढच्या शनिवारी न्यायचं कबूल केलं.

रविवारी दुपारनंतर सिअ‍ॅटलकडे येणाऱ्या फेरीला लांब रांग असते. निघण्याआधी फोनवर ताटकळण्याची वेळ बघून घ्या. ती दीड तासाच्या वर दाखवत असेल तर टकोमाकडून वळसा घालून गाडीनंच या, लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर तेच सोयीचं पडतं.